छोट्या संस्थांचा पैसा उद्या कुठून येणार?

प्रश्न: बीड जिल्ह्यात आमचं मुलींचं वसतिगृह आहे. आईवडील ऊसतोडीला गेले की त्या कुटुंबांतल्या मुली सहा महिने आमच्याकडे राहतात आणि गावातल्या शाळेत जातात. वडिलांनी पावती पुस्तक हातात घेऊन, ओळखीपाळखीतून ही संस्था उभी केली. आता ते देणगीदार थकले, काही वारले. कंपन्यांकडे गेलं की कागदांची भली मोठी यादी हातात पडते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देणग्यांचं काय होईल? आमच्यासारख्या संस्था टिकतील का, की आताच एखाद्या मोठ्या संस्थेत विलीन झालेलं बरं?

उत्तर:

टिकतील. मात्र वडिलांच्या काळात ज्या पैशावर वसतिगृह चाललं, त्या पैशावर नाही.

गावाकडच्या संस्थांचे हिशेब आणि निधी उभारणी हेच माझं अनेक वर्षांचं काम आहे, त्यावरून सांगतो. समाजकार्यासाठी मिळणारा एकूण पैसा कमी होत नाहीये, वाढतोय. पण त्यातला बांधलेला पैसा वाढतोय आणि मोकळा पैसा आटत चाललाय. बांधलेला म्हणजे अमुक प्रकल्पावर, अमुक तालुक्यात, ३१ मार्चच्या आत आणि ठरलेल्या रकान्यातच खर्च करायचा पैसा. मोकळा म्हणजे ज्यातून अधीक्षिकेचा पगार निघतो, मुली घरी गेल्यावरही रखवालदाराला पगार देता येतो, ऐन फेब्रुवारीत बोअर आटली तर टँकर मागवता येतो. तुमच्या संस्थेचं पुढचं सगळं या मोकळ्या पैशावर ठरणार आहे.

आधी कंपन्यांबद्दल बोलू, कारण सगळ्यांचा डोळा तिकडेच असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. देशभरातला हा सीएसआरचा खर्च वर्षाला ३० हजार कोटींच्या घरात गेला आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. हे ऐकून हुरूप येतो. पण त्याच कायद्यात कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही म्हटलंय, आणि कारखाने, कार्यालयं आहेत मुंबई, ठाणे, रायगड, पुण्याच्या पट्ट्यात. काही कंपन्या केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीकडे पाहतात. महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव हे चार जिल्हे त्यात आहेत. बीड नाही. तुमचा शेजारचा जिल्हा यादीत आणि तुम्ही बाहेर, असा हा मामला आहे.

२०२१ च्या सुधारणांनी हा पैसा आणखी कडक झाला. खर्च न झालेली रक्कम ठरलेल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावी लागते, नाही तर कंपनीला दंड होतो. काम करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ ची, म्हणजे कंपन्यांचा असा पैसा घेण्यासाठीची सरकारी, नोंदणी लागते. साहजिकच कंपनीचा माणूस अशी संस्था शोधतो, जी मोठी रक्कम वेळेत खर्च करेल आणि अहवाल चोख देईल. यात त्याचा दोष नाही, त्याच्यावर वरून तसाच दबाव असतो. पुढच्या दहा वर्षांत हे वाढणार. मोठे प्रकल्प, कमी संस्था, आणि बऱ्याच कंपन्यांचं स्वतःचंच फाउंडेशन.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा, कारण त्यापायी छोट्या संस्थांचं रक्त आटतं. नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापनावर करायच्या खर्चासाठी आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. तरीही ती संस्थेवर लादली जाते. अलीकडेच एका वसतिगृहाचा खर्चाचा तक्ता एका कंपनीकडून दुरुस्त होऊन परत आला, तो माझ्यासमोर आहे. दुमजली खाटा मंजूर, सौर बंब मंजूर, टॅब मंजूर. अधीक्षिकेचा पगार बारा महिन्यांचा मागितला होता, तो सहा महिन्यांवर आणलाय, कारण मुली सहाच महिने असतात. लेखनिकाची ओळ लाल रंगात खोडून पुढे लिहिलंय, 'पाच टक्क्यांची मर्यादा'. उरलेले सहा महिने त्या बाईंनी काय खायचं? पुढच्या हंगामात त्या परत येतील याची हमी कोण देणार? बेचाळीस मुलींची आजारपणं, पाळी, भांडणं, रात्री घरच्या आठवणीने येणारं रडू, हे सगळं जी बाई सांभाळते तिचा पगार हा वरखर्च कसा?

म्हणून प्रस्ताव करताना अधीक्षिका, स्वयंपाकीण आणि हिशेबनीस हे तिघंही प्रकल्पाचा थेट खर्च म्हणूनच दाखवा, आणि अडवलं तर नियमातली व्याख्या नम्रपणे पुढे ठेवा. बरेच अधिकारी ऐकतात. त्यांनाही कुणी नीट सांगितलेलं नसतं. आणि एक पथ्य पाळा. वर्षाच्या खर्चाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कंपन्यांवर टाकू नका. चालू प्रकल्प जास्तीत जास्त तीन-चार वर्षं चालतो, पुढे कंपनीचा प्राधान्यक्रम बदलला की तुमच्याकडे मुली असतात आणि त्यांच्याकडे नवं धोरण.

दुसऱ्या बदलाची फारशी चर्चा झाली नाही, पण तुमच्या वडिलांचे देणगीदार थेट त्यात सापडलेत. शिक्षक, बँकेतले, एलआयसीतले, पेठेतले दुकानदार ही मंडळी मार्चमध्ये देणगी द्यायची आणि पावतीवर ८०जीचा, म्हणजे देणगीवर करात वजावट देणाऱ्या कलमाचा, शिक्का आहे ना हे पाहायची. २०२३-२४ पासून वेगळं काही निवडलं नाही तर नवी करप्रणालीच आपोआप लागू होते आणि त्यात देणगीची वजावट नाही. २०२५-२६ पासून त्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे तालुक्याच्या गावातल्या बहुतेक पगारदारांना तुमच्या पावतीचा करासाठी काही उपयोग उरलेला नाही. कित्येक विश्वस्त याने हवालदिल झालेत. मला मात्र यात मोठी संधी दिसते. मार्चचा देणगीदार वर्षातून एकदा, करासाठी, गोल आकडा द्यायचा. आता जो देईल तो मुलींसाठी देईल, आणि अशा माणसाकडे दर महिन्याला मागता येतं.

दर महिन्याचा छोटा देणगीदार हाच मोकळ्या पैशाचा उद्याचा झरा आहे, असं माझं ठाम मत आहे. २०२० पासून यूपीआयवर ऑटोपे आलं. एकदा परवानगी दिली की ठरलेल्या तारखेला रक्कम आपोआप वळती होते. तीनशे रुपये देणारी दोनशे माणसं जोडा. महिन्याला साठ हजार, वर्षाला सात लाख वीस हजार. तुमच्या आकाराच्या वसतिगृहात एवढ्यात अधीक्षिका, स्वयंपाकीण आणि रखवालदार यांचे बारा महिन्यांचे पगार बऱ्यापैकी भागतात, आणि कोणत्याही अटीशिवाय.

दोनशे माणसं कुठून आणायची? वसतिगृहाच्या जुन्या हजेरीपटातून. वडिलांच्या काळापासून शिकून गेलेल्या मुली आज परिचारिका आहेत, पोलिसात आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, पिंपरी-चिंचवडला कंपनीत आहेत. त्यांच्याकडे आजवर कुणी काही मागितलेलंच नाही, कारण त्या आपल्या मनात लाभार्थी म्हणूनच राहिल्या. त्यांना सन्मानाने बोलवा, हिशेब दाखवा, मग मागा. शंभर रुपये दिले तरी त्यांचं नाव यादीत सर्वांत वर असू द्या. त्यांच्यानंतर तुमच्या तालुक्यातून पुण्याला गेलेली कुटुंबं.

महाराष्ट्राला हे काही नवखं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा अशा हिशेबाने पैसा फंड गोळा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी गावोगावी धान्य मागितलं, मूठमूठ जमवून मुलांची वसतिगृहं चालवली. या दोन्हींत एक गोष्ट समान होती, दारात जाऊन मागणारी माणसं होती. ते काम ॲप करत नाही. ऑटोपे बंद पडतं, खात्यात शिल्लक नसते, कुणी फोन बदलतो, कुणी बँक बदलतो. दर महिन्याच्या दहा तारखेला यादी घेऊन बसणारं, कुणाचे पैसे आले नाहीत ते पाहून आपुलकीने फोन करणारं एक माणूस तुम्हाला लागेल. अर्धवेळ चालेल, पण पगारी हवं. हा खर्च वाचवू नका.

हिशेबाच्या शिस्तीबद्दल एकच गोष्ट जवळून सांगतो, कारण छोट्या संस्था तिथेच घसरतात. ८०जी असलेल्या संस्थेला प्रत्येक देणगीदाराच्या नावानिशी विवरणपत्र भरावं लागतं. आपण ते १०बीडी म्हणून ओळखतो. वर्ष संपलं की ३१ मे ही त्याची मुदत. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क, शिवाय दंड वेगळा. त्यातून देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही संस्थेच्या कचेरीत जा. पावती पुस्तकं पसरलेली असतात. पावतीवर 'पाटील सर, अंबाजोगाई' एवढंच लिहिलेलं, पॅन नाही, पत्ता नाही, रोख पाच हजार. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट मिळतच नाही, हे सरांना कुणी सांगितलेलं नाही. मग उन्हात बसून एकेकाला फोन. हे सगळं पावती फाडताना दोन मिनिटांत होण्यासारखं काम आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, पण देणगीदाराची ओळख नोंदवण्याची सक्ती काही सुटलेली नाही. उलट पुढे ती वाढतच जाईल. एका बाबतीत मात्र दिलासा आहे. सलग दोन वर्षं पाच कोटींपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या संस्थांना आयकराची नोंदणी आता पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळू शकते. तुम्ही त्यात बसता.

आता फोटोंबद्दल. यावर मला थोडं कळकळीने बोलायचंय. ऑनलाइन निधी उभारणीचे मंच आले तेव्हापासून रडवेल्या चेहऱ्याचा फोटो हे चलन झालंय. ऑपरेशनसाठी तातडीने पैसे हवेत, तिथे हे मंच खरंच उपयोगी पडतात, त्यांनी जीव वाचवलेत. पण वर्षभराच्या डाळ-तांदळासाठी मुलीचा चेहरा विकावा लागत असेल तर तो मार्ग आपण धरू नये. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती सक्तीची केलीय. म्हणजे येत्या काळात कायदाही या बाजूने उभा राहणार. पण कायदा सोडा. आठवीतली मुलगी उद्या कॉलेजला जाईल आणि वर्गातलं कुणी तिचा 'गरीब ऊसतोड कामगाराची मुलगी' असा फोटो शोधून काढेल, तेव्हा तिला काय वाटेल? स्वयंपाकघराचा, वहीतल्या गणिताचा, हजेरीच्या तक्त्याचा फोटो टाका. ऐंशी टक्क्यांवर हजेरी असलेल्या मुली गेल्या वर्षी किती होत्या आणि यंदा किती आहेत, हे दोन आकडे दर महिन्याला पाठवा. नियमित देणारा माणूस अशाच गोष्टींवर टिकतो, रडवणाऱ्या फोटोवर तो एकदाच देतो.

परदेशातल्या मराठी मंडळींचा पैसा हवा असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, समजून घ्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा पुढे देणं बंद झालं. या शेवटच्या बदलाने खेड्यातल्या संस्थांवर मोठा घाव घातला. पूर्वी मुंबई-दिल्लीची मोठी संस्था पैसा आणायची आणि तालुक्यातल्या पाच-सहा संस्थांना द्यायची. तो पाटच बंद झाला. अमेरिकेतल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या मंडळांकडून मदत हवी असेल तर तुमची स्वतःची नोंदणी लागते. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. परदेशात राहणारा माणूस भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत पावतीला लावून ठेवा. याउलट तुमच्या गावची लेक अमेरिकेची नागरिक झाली असेल, तर तिने पुण्याच्या खात्यातून रुपयांत दिले तरी ती परदेशी देणगी होते. नोंदणी नसताना ती घेऊ नका, कितीही प्रेमाने दिली तरी.

सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारात केलेल्या वेगळ्या विभागाचं, विचाराल तर तुमच्यासाठी आज ते नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनने राष्ट्रीय शेअर बाजारात पहिली नोंद करून एक कोटी ऐंशी लाख उभे केले. नोंदणीसाठी मागच्या वर्षीचा खर्च किमान पन्नास लाख लागतो. कल्पना चांगली आहे, लहान गुंतवणूकदारासाठी किमान रक्कम आता एक हजारापर्यंत खाली आणली आहे, पण त्यामागची कागदपत्रं आणि परिणामांचे अहवाल तुमच्या ताकदीबाहेरचे आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रस्ताव लिहून घ्यायला हरकत नाही, इंग्रजीची अडचण त्याने खरोखर सुटते. मात्र सगळ्यांचेच प्रस्ताव आता गुळगुळीत होणार, तेव्हा वेगळी उठून दिसेल ती तुमची हजेरीची वही.

येत्या वीस वर्षांतला सर्वांत मोठा मोकळा पैसा मृत्युपत्रांतून येईल असं मला वाटतं, आणि याकडे छोट्या संस्थांचं लक्षच नाही. पुण्या-मुंबईत, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात सत्तरी ओलांडलेली कितीतरी जोडपी आहेत. मूल नाही, किंवा मुलं परदेशात स्थिरावलेली आणि त्यांना या पैशाची गरज नाही. आयुष्यभर नोकरी केलेली ही माणसं काहीतरी ठेवून जाऊ इच्छितात, पण त्यांना कुणी विचारत नाही आणि आपल्याला विचारायची लाज वाटते. विचारा. घाई न करता, घरी जाऊन, मुलांना अंधारात न ठेवता विचारा. मृत्युपत्रात संस्थेचं नोंदणीपत्रावरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायला सांगा. 'बीडचं मुलींचं वसतिगृह' एवढं लिहिलं तर वाद होतो. ठेवीवर नामनिर्देशन केलं म्हणजे मालकी मिळाली असं होत नाही, ते मृत्युपत्रातच हवं. फ्लॅट देणार असतील तर आनंदाने घ्या, पण पुढे तो विकायचा झाल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि त्यात वेळ जातो. रोख किंवा ठेव सोयीची. शक्य तिथे देणगीदाराकडून 'कायम निधीसाठी' असं लेखी घ्या. मुद्दल ठेवीत राहील आणि व्याज दरवर्षी मुलींच्या ताटात जाईल. व्याजावर कुणाच्याही अटी नसतात.

विलीनीकरणाचा प्रश्न राहिला. आता नको. त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५०अ खाली दोन विश्वस्त संस्था एकत्र करता येतात, वाट खुली आहे. पण मोठ्या संस्थेत गेल्यावर तुमचं वसतिगृह तिच्या वीस कामांतलं एक होईल, आणि पहिल्या टंचाईत कात्री लागेल ती लांबच्या कामाला. त्यापेक्षा तुमच्या तालुक्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एक चांगला हिशेबनीस आणि एक सीए ठेवावा. वह्या वेगळ्या, माणूस एक. हे काही ठिकाणी चाललेलं मी पाहतो आहे आणि खर्च निम्म्यावर येतो.

त्याआधी तुमचं विश्वस्त मंडळ बघा. किती जण हयात आहेत? वारलेल्या विश्वस्तांची नावं परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीत, तशीच असतील तर कंपनी सोडा, बँकही खातं हलवू देणार नाही. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत तिथे बदल अर्ज द्यायचा असतो. तुमचे जुने अर्ज राहिले असतील तर उशीर माफ करण्याच्या विनंतीसह याच महिन्यात दाखल करा. रिकाम्या जागांवर वसतिगृहातून शिकून गेलेल्या दोघी-तिघींना घ्या. त्यांच्यापैकी कुणीच पुढे यायला तयार झालं नाही आणि तुमच्यानंतर बघणारंही कुणी नसेल, तर दोन वर्षांनी विलीनीकरणाचा विचार जरूर करा, पण इमारतीची मालमत्ता नोंद संस्थेच्या नावावर आहे ना हे आधी तपासा. बरीच वसतिगृहं आजही संस्थापकांच्या वैयक्तिक नावावरच्या जागेवर उभी आहेत, आणि वडील हयात असेपर्यंतच हे काम सोपं आहे.